पुलापलीकडचा थांबा

४ फेब्रुवारी

वहीबाई, कशी आहेस? पाठीची शिवण शाबूत आहे ना? मापं लिहायला म्हणून तुला आणलं आणि सहा वर्षं कपाटात उपाशी ठेवलं, त्याचा राग धरू नकोस. शिलाई यंत्राचं म्हणशील तर पायटा कुरकुरतो, पण तेलाचे दोन थेंब दिले की गप्प होतो. माझ्या गुडघ्यांना तेवढीही समज नाही. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे चालतं. खिडकीतल्या कुंडीने दोन नवी पानं काढलीत. माझी तब्येत बरी. राहता राहिले हे. त्यांचं काय लिहू? खुशाली सांगणारं तोंडच बंद झालंय.

मला दैनंदिनी लिहिता येत नाही, पत्र येतं, म्हणून पत्रासारखीच सुरुवात केली. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती कपडे बेतायच्या रद्दी वर्तमानपत्रांवर. त्यामुळे पुष्कळ बातम्या मला अर्ध्याच ठाऊक आहेत. उरलेली अर्धी कुणाच्या तरी बाहीत गेली.

तर हे. एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड. गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहायचं, मागे सुटत जाणारे रूळ बघायचे, हिरवं-लाल निशाण दाखवायचं. नोव्हेंबरात झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, असं आमचं ठरलंय. पण विचारायचं तरी काय? दिवसभर भिंतीकडे तोंड. जेवण म्हणजे चार घास, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखे.

सोमवारी आणि गुरुवारी व्यायामवाली बाई येते. चाळिशीची आहे, दंड पैलवानासारखे आणि जीभही तशीच. आज निघताना म्हणाली, "आजी, खोटा धीर मी देत नाही. हे असेच भिंतीकडे बघत राहिले तर पावसाळ्यापर्यंत काही खरं नाही. माणसाला उठायला काहीतरी कारण लागतं. यांना आवडतं काय?"

मी म्हटलं, "रूळ."

"मग आणा घरात," म्हणाली आणि हसत गेली. ती थट्टेने म्हणाली. मी मात्र तिथेच बसून राहिले.

७ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडे खेळण्यातल्या आगगाडीचा संच मिळाला. एक इंजिन, चार डबे, रुळांचे चौदा तुकडे. खोका फाटलेला, एका डब्याला चाकंच नाहीत. त्याच्या दोन पँटी उसवून बारीक करून द्यायच्या आणि हातगाडीला एक झाकण शिवायचं, यावर सौदा ठरला.

"आजीबाई, नातवाला का?" त्याने विचारलं.

"नाही बाबा, नवऱ्याला."

त्याने आणखी दोन रूळ फुकट दिले. वेड्याची कीव येते माणसांना.

१० फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने इंजिन उघडलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात खिळा. मी म्हटलं, "मेलंय का रे?"

"मावशी, मेलं नाही, झोपलंय. कुणाचे तरी केस गुंडाळलेत आसाला." चिमट्याने त्याने एक लांबसडक केस ओढून काढला, कुणा मुलीचा असावा. मग चाकं फिरली. टेबलावर उलटं पडलेलं इंजिन, चाकं वर करून, पाठीवर पडलेल्या किड्यासारखं पाय झाडत होतं. मला हसू आलं. फार दिवसांनी आलं.

विजेचं खोकं त्याने जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढून दिलं. वेग कमी-जास्त करायला बटण होतं, पण यांच्या डाव्या हाताला ते फिरवता येणार नाही. मग बटणाला चमच्याचा दांडा डागून दिला. पुढे ढकलला की गाडी पळणार, मागे ओढला की थांबणार. मी म्हटलं, "काय देऊ?" म्हणाला, "गाडी सुरू झाली की मला पहिलं तिकीट द्या."

१५ फेब्रुवारी

माळ्यावर जुन्या दाराची एक फळी होती. ती दोन ट्रंकांवर आडवी टाकली. शिंपिणीला नकाशा कळत नाही, पण बेतणं कळतं. खडू घेतला आणि फळीवर बेतायला बसले. स्टेशन कुठलं करायचं हे विचारायची गरजच नव्हती. लग्नानंतरची पहिली नऊ वर्षं आम्ही ज्या लहान स्टेशनात काढली, तेच. या टोकाला नदीचा पूल, मग लांबलचक भराव, मग फाटक, मग फलाट, पाण्याची टाकी. सगळं डोळे मिटून काढता येतं मला.

पूल आणि फाटक यांच्या मध्ये, भरावाला लागून आमचं क्वार्टर होतं. ते नाही काढलं. फळीवर जागा कमी आहे. तिथे एक झाड लावून टाकीन.

खडूचा आवाज ऐकून यांनी मान वळवली. भिंतीकडून इकडे. मांजर घरात यावं आणि आपण श्वास धरावा तशी मी बसले.

१६ फेब्रुवारी

आज तीन घास जास्त.

२३ फेब्रुवारी

कोंड्याचा मांडा चाललाय. चहाचा चोथा वाळवून माती केली. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात बुडवला, ते गवत. रद्दी आणि खळ यांचा डोंगर. खळ जास्त झाली, तीन दिवस डोंगर ओलाच आहे आणि आंबट वास मारतोय. छत्रीच्या काड्यांचा पूल झाला. बुटाच्या खोक्याचं स्टेशन. बिनचाकाचा डबा गंजका म्हणून मागच्या रुळावर उभा करून ठेवला. प्रत्येक स्टेशनात असा एक असतोच. काड्यापेटीच्या खोक्यांना चाकं लावून शेवटचा डबा मी स्वतः केला, गार्डचा. मागे उभं राहायला ओटा, ओट्याला दोरीचा कठडा. यांना दाखवला. डाव्या हाताने घेतला आणि कठड्यावरून बोट फिरवलं. मग बोटानेच कठडा थोडा खाली दाबला. उंच झाला होता. बरोबर. गार्डाच्या कमरेएवढाच असतो.

निशाणाला कापड हवं म्हणून ट्रंकेतली चिंध्यांची पिशवी काढली. तळाशी हिरवं निशाण निघालं. खात्याकडून नवीन मिळालं की जुनी निशाणं हे घरी आणून द्यायचे, दोन्ही. आमच्या मागच्या दारावरून यांची गाडी जायची ना. मी दारात उभी राहायची. हिरवं दाखवलं की घरी सगळं ठीक. मग शेवटच्या डब्यातून हेही हिरवं दाखवायचे. लाल दाखवलं की थांबा. लाल एकदाच दाखवलं होतं. ते आता नाही. जाऊ दे.

२ मार्च

पहिली गाडी सुटली!

रेडिओवाल्याला बोलावलं, कागदाचं तिकीट दिलं, त्याने ते खरंच खिशात ठेवलं. यांची खुर्ची फळीजवळ ओढली, डावा हात चमच्यावर ठेवला. यांनी आधी फलाटाकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि दांडा इतका हळू ढकलला की मला वाटलं हललाच नाही. गाडी हलली. सुटताना मालगाडी हलते तशी, एकेक डबा ओढ घेत. खेळण्याची गाडी अशी सुटत नाही, हिसका मारून सुटते. हात एक उरला तरी हात गार्डाचाच.

पूल ओलांडला आणि भरावावर जाऊन गाडी थांबली. झाडापाशी.

"सांध्यात वीज तुटत असेल," रेडिओवाला म्हणाला. मी बोटाने ढकलली, पुढे गेली. दुसऱ्या फेरीला पुन्हा तिथेच. तिसऱ्या फेरीलाही. यांच्या डोळ्यांना पाणी आलं. आनंदाचं असेल. माझ्याही आलं.

६ मार्च

भरावावरचे रूळ स्पिरिटने पुसले. तरी थांबतेच.

८ मार्च

पॉलिश पेपरने घासले. रेडिओवाला चिडला. "मावशी, ओरखड्यात धूळ बसते! हे पातेलं नाही घासायला." आता दुप्पट वेळा अडेल म्हणाला. पण अडायचं ते जिथे अडतं तिथेच अडलं, एक बोटभरही इकडेतिकडे नाही.

११ मार्च

सांध्यांना कथलाचा डाग दिला. बोट भाजलं. यांनी भाजलेलं बोट बघितलं आणि चमच्यावरचा हात काढून घेतला. दिवसभर गाडी चालवली नाही. मी म्हटलं, "अहो, एवढ्या तेवढ्याने काय होतंय, चालवा." दोनदा डोळे मिटले. नाही.

१४ मार्च

फळीलाच तिथे उंचवटा असेल म्हणून रूळ उखडले, रंधा मारला, चहाची माती पुन्हा पसरली. सकाळचा सगळा वेळ त्यात गेला. साप साप म्हणून भुई धोपटतेय मी. दुपारी यांनी गाडी सोडली. पूल. भराव. झाड. थांबली.

तेवढ्यात माझी धाकटी बहीण आली. दारातूनच बघून म्हणाली, "अक्का, या वयात भातुकली? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोकांनी यावं, तिकीट काढावं, मग म्हणावं."

तिने तिकीट काढलं नाही. चहाही अर्धाच प्यायली.

१६ मार्च

आज मी मन लावून तपासलं. मी स्वतः दांडा धरला: वीस फेऱ्या, एकदाही थांबली नाही. रेडिओवाल्याने चालवली, थांबली नाही. यांच्या हातात दिली की झाडापाशी थांबते. म्हणजे रूळ निर्दोष आहेत आणि मी दहा दिवस उगाच त्यांना सोलून काढलं. दोष हाताचा आहे. त्या वळणावर मनगट वळतं आणि दांडा मागे सरकतो. बिचारे. चमच्याला रबर बांधून टाकलं, म्हणजे हात घसरला तरी दांडा पुढेच राहील.

१७ मार्च

लिहायला लाज वाटते, पण खोटं कुणासाठी लिहू?

रबर लावलेली गाडी झाडापाशी आली. यांनी दांडा मागे ओढला, रबराने पुढे ओढला. पुन्हा ओढला. घशातून एक आवाज आला, माणसाचा म्हणावा असा नव्हता. मग यांनी सगळा जोर लावून चमचा बटणासकट उपटला आणि भिंतीवर भिरकावला. कुंडी फुटली.

माझा तोल गेला. म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं! महिनाभर या फळीपुढे वाकून माझी कंबर मोडली, आणि हे आभार?"

चार महिने मुक्या असलेल्या माणसाला मी हे बोलले. त्यांनी खुर्ची वळवायची खूण केली. पुन्हा भिंतीकडे.

२१ मार्च

रेडिओवाल्याने चमचा परत डागून दिला. हे चालवेनात. आज व्यायामवाली आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघू." यांच्या हाताखाली आपला तळवा ठेवला. "चला आजोबा, मला फिरवून आणा." तिचं ऐकतात, माझं नाही. गाडी सुटली, झाडापाशी थांबली. तिने मान डोलावली, पुन्हा एक फेरी मारायला लावली. पाच फेऱ्या झाल्या.

मग मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात, हळू आवाजात. "आजी, मनगटाला काही झालेलं नाही. दांडा घसरत नाही. पुलावर गाडी असतानाच ते हळूहळू ओढायला लागतात, बरोबर तिथे थांबावी म्हणून. माझ्या हाताला कळतं ना. ते मुद्दाम थांबवतात."

"पण तिथे तर काहीच नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला ठाऊक," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

२२ मार्च

वहीबाई, तुला सांगते. कुणालाच सांगितलेलं नाही.

आम्हाला एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, या घरात अडतीस वर्षं ते नाव कुणी घेतलेलं नाही. टोपणनाव लिहिते. शिट्टी. इंजिनाची शिट्टी ऐकली की मागच्या दारात धावायची आणि तशीच शिट्टी घालायची, दोन बोटं तोंडात घालून, पुढचे दोन दात नसल्यामुळे अर्धी हवा अर्धी शिट्टी. इंजिन चालवणाऱ्यांनीच हे नाव ठेवलं. सातवं लागायचं होतं.

एका दिवशी ताप आला, दुपारी आकडी आली. डॉक्टर पुढच्या मोठ्या स्टेशनात, मध्ये रस्ता नाही, गाडी हाच मार्ग. पुढची प्रवासी गाडी थेट सकाळी. चार वाजता यांची मालगाडी जायची होती, त्याच दिशेला. मी तिला दुपट्यात गुंडाळून भरावावर उभी राहिले आणि लाल दाखवलं. गार्डाच्या डब्यात ब्रेक असतो. दोन मिनिटं थांबवली असती तर आम्ही चढलो असतो.

गाडी थांबली नाही. शेवटचा डबा समोरून गेला. हे ओट्यावर उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे घरी आले तेव्हा शिट्टी गेलेली होती आणि माझ्या हातात ते लाल फडकं तसंच होतं. यांनी ते काढून घेतलं, चुलीत टाकलं आणि म्हणाले, "मी पाहिलं नाही गं. माझी नजर फाटकाकडे होती." मी विश्वास ठेवला. घर चालवायचं तर ठेवावाच लागतो. पुढे आणखी मूल झालं नाही, आणि तो विषयही कधी निघाला नाही.

आज सकाळी खुर्चीसमोर बसले. विचारलं, "अहो, मी झाड लावलंय तिथे क्वार्टर होतं. तुम्ही म्हणून थांबवता?"

एकदा डोळे मिटले.

"त्या दिवशी तुम्ही लाल पाहिलं होतं?"

डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. खालून पाणी येत राहिलं.

२३ मार्च

स्वयंपाक केला. भरवलं. बोलले नाही.

२४ मार्च

फळीवर चादर टाकली. मढ्यावर टाकतात तशी दिसते. दिसू दे. मागून दुसरी मालगाडी यायची असेल, नियम असेल, नोकरी असेल. असू दे. मला सांगायला हवं होतं. अडतीस वर्षं शेजारी बसून जेवला हा माणूस.

२६ मार्च

आज यांनी एकही घास घेतला नाही. भिंतीकडेही बघत नाहीत, डोळेच उघडत नाहीत. मी ताट घेऊन बसले आणि माझ्याच मनात एक टाका टोचला. तो टाका मी अडतीस वर्षं आत मुडपून ठेवला होता, शिंपिणीला मुडपणं चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आल्यावर यांनी विचारलं होतं, "ताप कधी चढला?" मी म्हटलं होतं, "दुपारी." दुपारी नाही. पहाटेच अंग तापलं होतं. साडेआठची प्रवासी गाडी स्टेशनात उभी होती, घरातून दिसत होती. शिट्टी म्हणाली, "आई, आज शिट्टी नको वाजवायला, डोकं दुखतं." आणि मी म्हटलं, झोप, उतरेल. मला स्टेशनमास्तरीणबाईंचं लग्नाला घालायचं पोलकं संध्याकाळपर्यंत शिवून द्यायचं होतं. बाह्या राहिल्या होत्या. साडेआठची गाडी मी जाऊ दिली. माझ्या डोळ्यांसमोरून गेली, रिकाम्या जागा घेऊन.

यांनी एक गाडी थांबवली नाही. मीही एक गाडी पकडली नाही. यांना त्यांची चूक रोज चार वाजता रुळावर भेटत राहिली. माझी शिवणीच्या आत होती, कुणाला दिसली नाही.

ताट बाजूला ठेवलं आणि सांगितलं सगळं. बाह्यांपर्यंत. यांनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. मग डावा हात उचलला, माझ्या डोक्यावर ठेवायला गेले, पण हात पोचला नाही, कानावर पडला. तसाच ठेवला.

२८ मार्च

झाड उपटलं. मुळाशी नुसता डिंक, झटकन निघालं.

पुठ्ठ्याचं क्वार्टर बेततेय. पुढे ओसरी, मागे एक दार. यांना विचारत विचारत करते. "खिडकी इकडे?" नाही. "इकडे?" हो. "दार आत उघडायचं की बाहेर?" यात आमचं भांडण झालं. मी म्हणते आत, हे म्हणतात बाहेर. डोळे मिटून मिटून भांडले. शेवटी माझ्याच लक्षात आलं, बाहेरच. शिट्टी धावत जायची ती दाराला धडकून नाही, ढकलून.

३० मार्च

काडीला कापूस गुंडाळून बाई केली. तिच्या शेजारी छोटी काडी. छोटीला तोंड काढायचं धाडस होईना. मग पेन्सिलीचं टोक टेकवून नुसता एक ठिपका दिला, शिट्टी घालायला उघडलेलं तोंड. बाईच्या हातात द्यायला खऱ्या हिरव्या निशाणाचा कोपरा कापला, नखाएवढा.

हे बघत होते. हिरवं बघून त्यांनी दोनदा डोळे मिटले. नाही.

मी म्हटलं, "हो. निशाण मी दाखवायचं, तुम्ही नाही. घरचा नियम आहे."

३१ मार्च

चार वाजता सोडायची ठरली. घड्याळ दहा मिनिटं मागे आहे म्हणून मी ते आधी बरोबर केलं. रेडिओवाल्याला बोलावलं नाही, कुणालाच नाही.

गाडी सुटली. पुलावर आली. यांचा हात दांड्यावर मागे येऊ लागला, मला आता तो ओढा दिसतो. गाडी मंद झाली, भरावावर चढली, क्वार्टरपाशी आली. इंजिन दारासमोरून सरकलं, मग पहिला डबा, दुसरा. अगदी चालत्या माणसाच्या वेगाने. शेवटचा डबा दारासमोर आला तेव्हा गाडी जवळजवळ उभीच होती.

मी वाकून म्हटलं, "अहो, हिरवं आहे. बघा नीट. हिरवं आहे. निघा."

किती वेळ गेला कोण जाणे. दांडा पुढे सरकला. डबा दारावरून गेला, फाटकावरून गेला, फलाटाला लागला. तेव्हा कुठे यांनी चमच्यावरचा हात काढला आणि वर उचलला, खांद्याच्याही वर. गार्ड उत्तर देतो तसा. हातात काही नव्हतं. मी उरलेलं हिरवं निशाण त्या हातात दिलं. घट्ट धरलं. जेवतानाही सोडेनात.

१९ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. रोज चारला गाडी जाते. थांबत नाही, मंद होते. चार-पाच दिवसांपासून यांची छाती भरलीय. डॉक्टर येऊन गेले, औषध बदललं, दारापाशी माझ्याशी हळू बोलले. व्यायामवाली आता व्यायाम करवत नाही. नुसती बसते, एक फेरी मारून घेते आणि जाते. आज जाताना तिकीट मागितलं. मी दिलं.

२४ एप्रिल

हे चमचा धरू शकत नाहीत. मी चालवते, हे बघतात. क्वार्टरपाशी मी मंद करते. नीट जमत नाही, हिसका बसतो. हे डोळ्यांनीच हसतात मला.

२७ एप्रिल

शिट्टी,

कशी आहेस गं? डोकं दुखायचं थांबलं का? दात आले का नवे पुढचे? नसतील आले तरी चालेल, शिट्टीला फट बरी पडते. इकडचं विचारशील तर घड्याळ आता वेळेवर चालतं. कुंडी फुटली होती, रोप डब्यात लावलंय, तगलंय. यंत्राचा पायटा अजून कुरकुरतो. तुझा एक फ्रॉक होता पिवळा, त्याची कड शिवायची राहिली होती. काल ती शिवून टाकली.

माझ्याकडून एक गाडी चुकली, बाबांकडून एक. तुला दोन्ही सांगितल्या, आता आमच्याजवळ लपवलेलं काही नाही. तुझं क्वार्टर बांधलंय. दार बाहेर उघडतं. बाबा म्हणाले तेच बरोबर होतं.

बाबांची तब्येत बरी नाही. कालपासून डोळे कमी उघडतात. पण चार वाजले की उघडतात, आणि निशाण उशाशी लागतं. त्यांची गाडी कधीही सुटेल. तिथून दिसली तर दारात ये. मी इथे आवरून मागून येते, माझी घाई नाही, अजून दोन गिऱ्हाइकांची शिलाई द्यायची आहे.

पत्राला अडतीस वर्षं उशीर केला, रागावली असशील. रागाचं असलं तरी चालेल, दोन ओळींचं असलं तरी चालेल. उत्तर लवकर पाठव. बाबांना वाचून दाखवायचं आहे.

तुझी आई